मदत हवी आहे: आईच्या छोट्या एमपीथ्री प्लेअरवर अठरा अध्याय क्रमाने कसे लावायचे?

काचबिंदूमुळे आईची नजर बरीच अधू झाली आहे. दुपारी ज्ञानेश्वरी वाचायचा तिचा नेम मोडू नये म्हणून मावशीने सगळे अध्याय स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून दिले. तयार रेकॉर्डिंग पुष्कळ मिळतात, पण आईला मावशीचीच चाल हवी. दोघी लहानपणी आजोबांपाशी बसून तीच शिकल्या.

फोनवर ऐकणं जमत नाही. सपाट काचेवर बोटाला काही लागत नाही, आणि मध्येच कुणाचा फोन आला की वाचन थांबतं ते थांबतंच. म्हणून मेमरी कार्ड घालायचा, काडेपेटीहूनही लहान प्लेअर घेतला. पडदा नाही, पाच बटणं, मागे चिमटा. पदराला लावून ती घरभर फिरते. बटणं तिने हाताने लगेच ओळखली, त्यामुळे शक्यतो हाच चालवायचा आहे.

पण अध्याय क्रमाने लागत नाहीत. आधी फाइलींना १, २, ३ अशी नावं होती, तेव्हा पहिल्यानंतर दहावा लागायचा. मग 01, 02 केलं. कॉम्प्युटरवर यादी बरोबर दिसते, प्लेअरवर मात्र पहिल्यानंतर सातवा, मग चौथा. पारायणात हे चालत नाही.

दुसरी अडचण जास्त त्रासाची. बंद करून पुन्हा चालू केला की तो चालू फाइलीच्या सुरुवातीला जातो. बाराव्या अध्यायात अडीचशेच्या आत ओव्या, तिथे निभावतं. अठराव्यात अठराशेच्या वर आहेत, एकच फाइल जवळजवळ चार तासांची. तीन तास ऐकलेलं पुढे ढकलत ती बटण दाबून बसते, आणि कुठे पोचलो ते बघायला पडदाही नाही.

कार्डावरच्या जागेचा प्रश्न नाही. मोनो, ६४ केबीपीएसला वीसेक तासांचं वाचन सहाशे एमबीच्या आत बसतं. यावर काही उपाय आहे का? की दुसरा प्लेअर घ्यावा? आयपॉड शफल गाण्याचं नाव बोलून सांगायचा असं आठवतं, पण तो २०१७ मध्येच बंद झाला.

प्रतिसाद

ताई, प्लेअर बदलायची घाई करू नका. असे साधे प्लेअर बरेचदा फाइलींची नावं बघतच नाहीत. कार्डावर फाइल ज्या क्रमाने लिहिली गेली, त्या क्रमाने वाजवतात. कॉम्प्युटर यादी नावाने लावून दाखवतो, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. कार्ड फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट करा आणि फाइली एकेक करून, आधीची पूर्ण उतरल्यावर पुढची, अशा टाका. सगळ्या एकदम निवडून ओढू नका. लिनक्स असेल तर फॅटसॉर्ट हा प्रोग्राम कार्डावरचा क्रमच नीट लावून देतो.

ऐकणं कुठे थांबलं ते लक्षात ठेवायची सोय त्या प्लेअरमध्येच नसेल तर ती बाहेरून घालता येणार नाही. अध्यायांचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. एमपीथ्री डायरेक्टकट हा प्रोग्राम फाइल पुन्हा एन्कोड न करता कापतो, आवाज बिघडत नाही. आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी मावशींकडून ‘अध्याय अठरावा, भाग तिसरा’ एवढं बोलून घ्या. पडद्याचं काम त्यानेच होईल.

तरीही बदलायचा झाला तर सॅनडिस्कचा क्लिप प्लस हा प्लेअर जुन्या बाजारात शोधा. त्यावर रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर चढतं. ते सोडलेली जागा लक्षात ठेवतं आणि मेनू बोलून दाखवतं. फक्त बॅटरी जुनी असणार, घेताना ती किती टिकते ते बघून घ्या.

धागाकर्ती

मनापासून आभार. पहिले तीन अध्याय एकेक करून टाकले, क्रम बरोबर लागला! आता तुकड्यांचं. ओवी मध्येच तुटलेली आईला अजिबात खपणार नाही. मावशी प्रत्येक ओवीनंतर थांबते, त्यामुळे शांत जागा शोधून आपोआप कापायला लावलं तर ओवीगणिक तुकडा पडेल. पंधरा मिनिटं झाल्यावर येणाऱ्या पहिल्या शांत जागेवरच कापायचं, असं कुणी करून पाहिलं आहे का? नाहीतर अठरावा अध्याय रविवारी आईला शेजारी बसवून हातानेच कापते. कुठे थांबायचं ते तिला पाठ आहे.