गोव्यात सदाहरित ओक लावता येईल का?

प्रश्न (पर्वरी): फाटकाबाहेर रस्त्याकडेला बारमाही सावलीचं झाड हवंय. पोर्तुगालमधला सदाहरित ओक मनात आहे, नातेवाईक बिया आणून देतील. जमीन चिऱ्याची (जांभा दगड), वर जेमतेम दीड फूट माती. जगेल का? खड्डा केवढा घ्यावा?

उत्तर १: नका लावू. हा ओक भूमध्य समुद्राकाठचा: तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, आपल्याकडे नेमकं उलट. ऐन उकाड्यात चार महिने मुळं ओली राहिली की ती कुजतात. शिवाय ओकचं बी सुकलं की मेलं, आणि परदेशातून बी आणायला वनस्पती-संगरोधाची (प्लांट क्वारंटाइनची) परवानगी लागते. हिमालयातला बांज हा ओकही थंड डोंगराचाच. पश्चिम घाटात मुळात ओक नाही.

उत्तर २: बकुळ लावा, आपली ओवळ. दाट, सदाहरित, चिवट. वाढ मात्र सावकाश, म्हणून चार-पाच फुटांचं रोप घ्या. पिशवी फाडून बघा: मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर ती कापून मोकळी करा, नाहीतर पुढे तीच खोडाला फास लावतात.

खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट. चिऱ्यात खणलेला खड्डा म्हणजे विहीरच, जुलैत रोप मरतं ते तिथेच. आधी पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तळ पहारीने फोडा आणि उताराच्या बाजूला चर काढा. निघालेली माती तीन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग. ताजं शेण नको, मुळं भाजतात. भर खचते, म्हणून रोप जमिनीपेक्षा दोन इंच वर बसवा.

प्रश्नकर्ता: उंडी कशी? समुद्राचं वारं सोसते म्हणतात.

उत्तर ३: सोसते, किनाऱ्यालगत तीच उत्तम. पण तिची टणक गोल फळं रस्त्यावर पडली की दुचाकी घसरते. कुंपणाच्या आत लावा.

उत्तर २: लावणी जूनमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर. पहिले दोन उन्हाळे डिसेंबरपासून मेपर्यंत दर तीन-चार दिवसांनी १५ ते २० लिटर पाणी. बुंध्याभोवती नारळाची सोडणं पसरा, खोडापासून वीतभर दूर. गुरांसाठी जाळी हवीच. आणि पेव्हर बसवणाऱ्याला आधीच बजावा: तीन बाय तीन फूट माती उघडी ठेवायची, सिमेंट खोडाला भिडवायचं नाही.