पत्रादेवीच्या दोन्ही बाजूंना एकच पोलीस दल: कायद्यात बसतं का?

पेडण्याचा वाचक:
इंग्लंडमध्ये डेव्हन-कॉर्नवॉल आणि डोर्सेट या शेजारी पोलीस दलांचं विलीनीकरण २०१८ मध्ये बारगळलं. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१३ मध्ये ८ दलांचं एक झालं. फरक कशात पडला? पत्रादेवीजवळच्या गोवा-सिंधुदुर्ग सीमेवर असं काही शक्य आहे?

ताळेबंद:
मुख्य अडचण कराची. इंग्लंडमध्ये घरपट्टीसारख्या करात पोलिसांचा वेगळा हिस्सा असतो. डोर्सेटचा दर जास्त, डेव्हन-कॉर्नवॉलचा कमी. दल एक झालं की दरही एक करावा लागतो. चढवला तर लोक चिडणार, उतरवला तर तूट येणार. ऑक्टोबर २०१८ मध्ये डेव्हन-कॉर्नवॉलच्या निर्वाचित पोलीस आयुक्तांनी नकार दिला. स्कॉटलंडमध्ये संसदेनेच कायदा केला, म्हणून पार पडलं. पण नवं दल स्थानिक संस्थांचं न राहिल्याने व्हॅटचा (खरेदीवर भरलेल्या मूल्यवर्धित कराचा) परतावा बंद झाला. वर्षाला सुमारे अडीच कोटी पौंडांचा हा फटका २०१८ पर्यंत बसत होता.

वायरलेस:
नियंत्रण कक्ष विसरू नका. स्कॉटलंडमध्ये जुने कक्ष बंद करून कॉल मोजक्या केंद्रांत वळवण्याचं काम चालू असताना, जुलै २०१५ मध्ये एम-९ महामार्गावरच्या अपघाताचा कॉल संगणकात चढलाच नाही. गाडी तीन दिवसांनी सापडली, दोघांचा जीव गेला. आधी नवी यंत्रणा जुन्यासोबत चालवून बघायची, मगच जुना कक्ष बंद करायचा. हा क्रम माझ्या मते सोडूच नये.

सत्तरीकर:
आपल्याकडे पोलीस हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतला विषय. गोव्यात १८६१ चा पोलीस कायदा, महाराष्ट्रात १९५१ चा. आयपीएस केडरही निराळं. १८८८ च्या पोलीस कायद्याच्या कलम २ प्रमाणे केंद्र दोन राज्यांच्या भागांचा विशेष पोलीस जिल्हा करू शकतं, पण राज्याच्या संमतीशिवाय नाही.

पेडण्याचा वाचक:
मग आरोपी गोव्यातून सिंधुदुर्गातल्या बांद्याकडे पळाला तर?

सत्तरीकर:
त्यासाठी विलीनीकरण लागतच नाही. विनावॉरंट अटक करता येत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची दंड प्रक्रिया संहिता) कलम ४५ प्रमाणे देशात कुठेही पाठलाग करता येतो. गडबड होते ती कागदांत. निघताना ठाण्याच्या डायरीत नोंद करा, तिथल्या ठाण्याला कळवा, अटकेचा पंचनामा जागेवरच करा. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत गोव्यात हजर करणं जमणार नसेल, तर जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून ट्रान्झिट रिमांड (आरोपीला दुसऱ्या राज्यात नेण्याची परवानगी) घ्या. हे राहिलं की अटकच बेकायदा ठरू शकते.