आमदारांच्या पत्राचे वजन किती, आणि हे काम त्यांचेच आहे का?

माणदेशी शिक्षक

माझ्या मावशी विधवा असून त्यांचे वय ५८ वर्षे आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्यांना दरमहा १५०० रुपये मिळत होते, ते गेल्या पाच महिन्यांपासून खात्यावर जमा झालेले नाहीत. तालुक्याच्या कार्यालयात मी तीन वेळा जाऊन आलो. पहिल्या वेळी हयातीचा दाखला मागितला, दुसऱ्या वेळी उत्पन्नाचा, आणि तिसऱ्या वेळी दोन्ही दाखले दिल्यानंतर ‘वरूनच थांबले आहे’ एवढेच सांगण्यात आले.

अखेर गावातील वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने सोमवारी आमच्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. सकाळी आठ वाजताच तेथे शंभराच्या आसपास माणसे बसलेली होती. दुपारी आमची पाळी आली, तेव्हा साहेबांनी दोन मिनिटे शांतपणे ऐकून घेतले आणि स्वीय सहायकांकडून तहसीलदारांच्या नावे पत्र दिले. ‘नियमानुसार तातडीने कार्यवाही करून या कार्यालयास अवगत करावे’ असा त्याचा मजकूर आहे.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. विधिमंडळाने कायदे करावेत, अंदाजपत्रक मंजूर करावे आणि मंत्रिमंडळाला जाब विचारावा, असे मी मुलांना सांगत आलो आहे. त्या रांगेत बसल्यावर मात्र सुमारे सव्वातीन लाख मतदारांच्या प्रतिनिधीचा एक अख्खा दिवस दाखले, विजेची रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आणि रुग्णालयाच्या बिलांत जातो, हे डोळ्यांनी पाहिले. या पत्राला कार्यालयात काय किंमत असते, आणि हे काम कायदे करणाऱ्या माणसाचे आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

---

जावक क्रमांक

मी अकरा वर्षे एका आमदारांच्या कार्यालयात टपाल आणि पाठपुराव्याचे काम केले, त्यामुळे पत्राच्या अलीकडची बाजू सांगू शकतो.

अधिवेशन नसताना आमचा आठवडा साधारणपणे ठरलेला असे. सोमवारी मतदारसंघात लोकांच्या भेटी, मंगळवारी आणि बुधवारी मंत्रालय, कारण त्या दिवसांत मंत्री आणि सचिव मुंबईत भेटण्याची शक्यता अधिक असते. गुरुवारी-शुक्रवारी अधिकाऱ्यांच्या बैठका, कामांची पाहणी, भूमिपूजने. शनिवारी-रविवारी लग्ने, साखरपुडे आणि दहावे. दहाव्याला जाण्यावर शहरातील लोक टीका करतात, परंतु जे कार्यालयात येऊन कधीच बोलणार नाहीत अशी माणसे, विशेषतः वृद्ध स्त्रिया, तेथेच साहेबांना बाजूला घेऊन आपली अडचण सांगत, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रत्येक कामाचा मार्ग निराळा असतो. गावातील रोहित्र जळाले आणि पिके पाण्यावाचून वाळू लागली, तर पत्र लिहीत बसण्यात अर्थ नसतो. कार्यकारी अभियंत्यांना दूरध्वनी करून दुसरे रोहित्र कोणत्या भांडारात उपलब्ध आहे ते विचारावे लागते. रुग्णालयाच्या बाबतीत कागदांची माहिती असणे महत्त्वाचे असते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात, ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक नातेवाइकांना ठाऊकच नसे. तेथे साहेबांच्या वजनापेक्षा, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातील समाजसेवकाला आजच भेटा, हा आमच्या लिपिकाचा सल्ला अधिक उपयोगी पडे.

रस्ता, सभामंडप, शाळेची खोली यांसाठी लोक स्थानिक विकास निधीतून रक्कम मागतात. आमदार कामे सुचवतात, मंजुरी आणि खर्च मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फत होतो. धनादेश साहेबांच्या खिशात नसतो, हे समजावून सांगण्यात आमचे निम्मे बोलणे जाई.

आता तुमच्या मावशींविषयी. या अनुदानाची रक्कम आता थेट लाभ हस्तांतरणाने आधारशी संलग्न खात्यात जाते. तहसीलदारांकडे पत्र देण्याआधी बँकेत जाऊन, त्यांचे आधार नेमक्या कोणत्या खात्याला जोडलेले आहे, हे विचारून घ्यावे. अनेक स्त्रियांची दोन-तीन खाती असतात आणि शेवटी जोडणी झालेले खाते भलतेच निघते. दोष तेथे असेल, तर कोणाचेही पत्र तो दुरुस्त करू शकणार नाही.

---

निवृत्त अव्वल कारकून

मी महसूल विभागात नोकरी केली. ही पत्रे आमच्या टेबलावर येत, म्हणून पलीकडची बाजू मांडतो.

पत्र आले की त्यावर आवक क्रमांक पडतो, तहसीलदार साहेब ‘तपासून सादर करा’ असा शेरा मारतात आणि ते संबंधित संकलनाकडे, म्हणजे त्या विषयाच्या टेबलाकडे, येते. लोकप्रतिनिधींच्या पत्रांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि त्यांना उत्तर द्यावे, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिलेल्या असल्याने ते पत्र सहसा गहाळ होत नाही. त्याचे खरे वजन एवढेच, की ते अर्ज शोधायला लावते. अपात्र अर्ज त्याने पात्र होत नाही आणि होऊही नये. जोडलेले कागद अपुरे असतील, तर ‘त्रुटीपूर्तता करावी’ असे उत्तर जाते, प्रकरण दप्तरी दाखल, म्हणजे बंद, होते, आणि अर्जदार मात्र पत्र दिले म्हणून निश्चिंत राहतो. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की पत्र देणाऱ्या कार्यालयाने आधी कागद तपासावेत असे मला तीव्रतेने वाटते.

वरील प्रतिसादात एक गोष्ट राहून गेली आहे. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतील मोठा भाग बदल्यांचा असे. कर्मचाऱ्याने आपल्या सेवाविषयक बाबींसाठी राजकीय दबाव आणणे १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार गैर आहे, तरीही अशी पत्रे येत राहतात आणि त्यांच्या गर्दीत निराधार विधवेचे पत्र दबून जाते. मतदारांची सेवा आणि या शिफारशी एकाच शीर्षकाखाली मोजल्या जाऊ नयेत.

शिक्षक महोदयांना माझी विनंती आहे, की पत्राबरोबर स्वतःचे हक्कही वापरावेत. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा सांगतो, की सर्वसाधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती (फाइल) कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये. अधिसूचित सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात पहिले आणि दुसरे अपील आहे, आणि सबळ कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत शास्तीची (दंडाची) तरतूद आहे. उत्पन्नाचा दाखला पुन्हा लागला, तर तो त्याच मार्गाने मागावा. अनुदान का थांबले याची नोंद माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. तालुक्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या ठरलेल्या दिवशी, तक्रार सुटली नाही, तर जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो.

---

लेस्टरस्थित

मी गेली अनेक वर्षे ब्रिटनमध्ये राहतो. येथील खासदारही असेच बसतात. त्या भेटीच्या वेळेला येथे ‘सर्जरी’ म्हणतात, डॉक्टरांच्या दवाखान्यासाठीही तोच शब्द आहे. संसदेचे कामकाज मुख्यतः सोमवार ते गुरुवार चालत असल्याने या भेटी बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी ग्रंथालयात, चर्चच्या सभागृहात किंवा खासदारांच्या कार्यालयात होतात. व्हिसा, सरकारी घर, भत्ते हेच विषय. भारतीय नागरिकांनाही राष्ट्रकुल नागरिक म्हणून येथील संसदीय निवडणुकीत मतदान करता येते, हे येथे नव्याने आलेल्या अनेक मराठी कुटुंबांना माहीत नसते.

दोन गोष्टी मला शिकण्यासारख्या वाटतात. एक, खासदार दुसऱ्याच्या मतदारसंघातील माणसाचे प्रकरण हाती घेत नाही, असा संकेत येथे कसोशीने पाळला जातो. दुसरी, सरकारी खात्याच्या गैरकारभाराविरुद्ध संसदीय लोकपालाकडे जायचे असेल, तर १९६७ च्या कायद्यानुसार तक्रार खासदारामार्फतच न्यावी लागते. म्हणजे रांगेतील माणसाचे गाऱ्हाणे पुढे नेणे हा येथे कायद्यानेच नेमून दिलेला कामाचा भाग आहे.

हे सहज घडत नाही. खासदार जो कॉक्स २०१६ मध्ये आपल्या मतदारांना भेटायला जात असताना मारल्या गेल्या आणि खासदार डेव्हिड एमेस यांची २०२१ मध्ये अशा भेटी सुरू असतानाच हत्या झाली. त्यानंतर सुरक्षा वाढली, तरीही खासदारांनी प्रत्यक्ष भेटी सोडल्या नाहीत, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

---

जावक क्रमांक

निवृत्त अव्वल कारकून यांचे बदल्यांविषयीचे म्हणणे मला मान्य आहे. कागद तपासण्याबाबतही आमची चूक होत असे.

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मात्र राहिला. हे काम कायदे करणाऱ्याचे आहे का? माझ्या मते आहे, पण पत्र देऊन ते संपत नाही. आमच्याकडे एका वर्षी शेतरस्त्यांच्या मोजणीच्या तक्रारी एकामागून एक येऊ लागल्या. तेव्हा साहेबांनी त्या गावनिहाय तक्त्यात लिहायला सांगितल्या आणि त्यावरून अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न तयार केला. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. त्यामुळे उत्तर तयार करण्यासाठी खालपर्यंत माहिती मागवली जाते आणि ज्या नस्त्या पत्रांनी हलल्या नव्हत्या त्या हलतात. वेळेअभावी प्रश्न तोंडी उत्तरासाठी सभागृहात न आला तरी त्याचे लेखी उत्तर मिळते. लक्षवेधी सूचना आणि पंचायत समितीची वार्षिक आमसभा हीदेखील तशीच साधने आहेत. सोमवारची रांग ज्यांनी लक्षपूर्वक ऐकली आहे, त्यांचे प्रश्न सभागृहात वेगळे ओळखू येतात. म्हणून आमदारांकडे जाताना आपले प्रकरण एकट्याचे आहे की गावात इतरांचेही तसेच आहे, हे पाहून जावे.

---

माणदेशी शिक्षक

सर्वांचे आभार. काल मावशींना घेऊन बँकेत गेलो. त्यांचे आधार कित्येक वर्षांपूर्वी उघडलेल्या आणि विस्मरणात गेलेल्या दुसऱ्या बँकेतील खात्याला जोडलेले निघाले. त्या शाखेत पासबुक भरून घेतले असता चार महिन्यांचे ६००० रुपये तेथे जमा दिसले. पाचव्या महिन्याचे मात्र तेथेही नाहीत, म्हणून पत्र तहसील कार्यालयात देऊन त्याची पोच आणि आवक क्रमांक घेतला आहे.

गल्लीत चौकशी केल्यावर आणखी सहा स्त्रियांचे अनुदान थांबल्याचे समजले. त्यांपैकी दोघींच्या नावावर दुसरे खाते नाही. सातही जणींची नावे, खात्यांची स्थिती आणि शेवटचे अनुदान मिळालेला महिना यांचा तक्ता मी तयार करत असून येत्या सोमवारी तो घेऊन संपर्क कार्यालयात जाणार आहे.