अनेक वर्षे उभी असलेली मारुती 800 चालू करायची आहे: सुरुवात कोठून करावी?

मंगळवारपेठकर
आम्ही चौघा मित्रांनी वर्गणी काढून 1998 ची कार्ब्युरेटरवाली मारुती 800 घेतली आहे. ती काही वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. पत्रा बरा आहे, पण टायर बसले आहेत आणि बॅटरी मेली आहे. नवी बॅटरी जोडून सेल्फ मारावा असे दोघांचे म्हणणे आहे, तर बाकीच्या दोघांना गाडी टोचन लावून आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात न्यावी असे वाटते. खर्च बेताचाच करता येईल. जाणकारांनी सल्ला द्यावा.

जुना फिटर
सेल्फला इतक्यात हात लावू नका. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरल्या असतील, तर सेल्फच्या झटक्यासरशी त्या तुटतात आणि स्वस्तातली गाडी महागात पडते. तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकातून थोडे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर तसेच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने हलक्या हाताने फिरवा. अडले तर जोर न लावता पुन्हा ऑइल सोडून थांबा. इंजिन मोकळे फिरले, की टायमिंग बेल्ट पाहा. रबराला तडे असतील तर तो आधी बदला.

टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाका. त्याचा चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, बसतो. तो क्लीनर आणि हवेने काढावा, तारेने टोकरू नये, कारण भोक मोठे झाले की गाडी कायम पेट्रोल पीत राहते. पहिल्या चाचणीला गाडीच्या पेट्रोल पंपाची ओढणारी नळी टाकीऐवजी ताज्या पेट्रोलच्या बाटलीत बुडवा, म्हणजे टाकीतला गंज वर चढणार नाही. बाटली इंजिनापासून दूर ठेवा आणि वाळूची बादली हाताशी असू द्या. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र सगळ्याच बदला. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये असते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही.

एमएच-09
पान्याआधी आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, उघडा. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर 5 वर्षांनी तपासणीसह नूतनीकरण करावे लागते. वीस वर्षांवरील मोटारींसाठी हे शुल्क 2025 मध्ये 10,000 रुपये झाले. पर्यावरण कर आणि मुदत उलटल्याचा दंड वेगळा. मूळ मालक भेटेल तोवर गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या. कागद होणार नसतील, तर इंजिनावर एक रुपयाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंगळवारपेठकर
आरसी 2023 पर्यंत वैध होती आणि मालक सह्या द्यायला तयार आहेत. गाडी नदीकडच्या भागात उभी होती, याने काही फरक पडतो का?

जुना फिटर
फारच पडतो. सीटखालचा गालिचा उचलून पाहा. 2019 किंवा 2021 च्या पुराचे पाणी शिरले असेल, तर कोपऱ्यात बारीक गाळ सापडतोच आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवा थर दिसतो. तसे असेल तर वायरिंग उद्यमनगरातच दाखवा. ते घरी करण्याचे काम नव्हे. गाळ नसला तरी ब्रेकचे काम टाळू नका. इतकी वर्षे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे सिलिंडर) हमखास अडकलेले असतात, तेव्हा ते खोलून रबर किट आणि ब्रेक ऑइल बदला. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात थेट पन्हाळा गाठू नका. चढ तिला कदाचित जमेल, पण येताना वाघबीळच्या उतारावर ब्रेकच हवे असतात.