ग्रात्स एका दिवसात पायी, सोबत सासूबाई – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
जुलैत व्हिएन्नाहून सकाळच्या ट्रेनने ऑस्ट्रियातल्याच ग्रात्स शहरात जातोय, संध्याकाळी परत. सोबत सासूबाई (गुडघे दुखतात, पण उत्साह दांडगा) आणि दुसरीतली लेक. शहराच्या मधोमध असलेल्या श्लोसबर्ग टेकडीच्या २६० पायऱ्या आईंना जमणार नाहीत, म्हणून डोंगराच्या पोटातल्या लिफ्टने वर जाऊ. तिथल्या घंटाघराच्या घड्याळात मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं! हे कळल्यापासून लेकीला आधी तेच बघायचंय. मग लांडहाउसचं (तिथल्या प्रांताच्या विधानसभेची जुनी इमारत) कमानींचं अंगण, आणि तीन वाजता ग्लोकनश्पीलप्लाट्झ चौकात घंटांच्या सुरावर नाचणारी लाकडी बाहुल्यांची जोडी.

हा क्रम ठीक आहे का? लिफ्टपासून घंटाघरापर्यंत चढ आहे का? जुन्या गल्ल्यांतल्या दगडी फरसबंदीवर आईंना त्रास होईल का? वाटेत सावलीत बसायला बाकं, आणि अंडं नसलेलं शाकाहारी जेवण कुठे मिळेल? वयस्कर मंडळींना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.