मदत हवी आहे: ठाण्याच्या इतिहासावरची विकिपीडियाची पानं

खाडीकिनारा:
नमस्कार. ठाण्यातले आम्ही बारा जण मराठी विकिपीडियावर ठाणे किल्ला, घोडबंदर आणि अंबरनाथच्या शिवमंदिराची पानं सुधारतोय. रविवारी वाचनालयात बसलो, तर सहा खाती उघडली आणि सातवं उघडेना. घोडबंदरच्या पानावर टाकलेले चार परिच्छेद दुसऱ्या दिवशी उडाले, शेरा 'प्रताधिकार भंग'. शिवाय मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला त्याची तारीख दोन पुस्तकांत अकरा दिवसांनी वेगळी आहे. कुठली धरायची?

जुनीबखर:
खात्यांचं सोपं आहे. एका आयपी पत्त्यावरून चोवीस तासांत सहाच खाती उघडता येतात, आणि वाचनालयाच्या वायफायवरचे तुम्ही सगळे बाहेरून एकच दिसता. उरलेल्यांनी आदल्या दिवशी घरून खाती काढावीत. मोठ्या कार्यशाळेसाठी मर्यादा उठवून मिळते, पण आठवडाभर आधी आयपी पत्ता, वेळ आणि माणसांचा आकडा कळवावा लागतो. बारा जणांसाठी तो खटाटोप कशाला?

परिच्छेद आणले कुठून?

खाडीकिनारा:
एका भटकंतीच्या ब्लॉगवरून, पण वाक्यं बदलून. घोडबंदरच्या माहितीफलकाचा फोटोही कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या साठ्यावर) चढवला होता, तोही गेला.

जुनीबखर:
मग जाणारच! शब्द फिरवले तरी वाक्यांचा क्रम आणि बांधणी तीच राहिली की ती नक्कलच. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, ठेवलं तरी नियम तोच, हे बरेच जण विसरतात. फलकाचं म्हणाल तर कायद्यातली सूट सार्वजनिक जागी कायम असलेल्या वास्तू आणि शिल्पांच्या फोटोला आहे, फलकावर लिहिलेल्या मजकुराला नाही. बुरुजाचा स्वतः काढलेला फोटो बिनधास्त चढवा. (ठाणे किल्ल्यात मात्र मध्यवर्ती कारागृह आहे, तिथे कॅमेरा घेऊन घुटमळू नका.)

ब्लॉग सोडा आणि १८८२ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारचे जिल्हावार माहितीग्रंथ, धरा. ठाणे जिल्ह्याचा खंड १३ दोन भागांत आहे, स्थळांची माहिती खंड १४ मध्ये. प्रताधिकार केव्हाच संपलाय. पीडीएफमध्ये शोध हुकतो, कारण इंग्रजी 'ए' वर तिरकी रेघ छापलेली आहे आणि स्कॅनमध्ये तिचं काहीही होतं. खंड १४ वर्णानुक्रमाने आहे, सरळ पानं उलटा. वसई 'बसीन' म्हणून सापडेल, साष्टी 'सालसेट' म्हणून.

मोडीपान:
तारखेबद्दल. दोन्ही पुस्तकं बरोबर असू शकतात. पोर्तुगीज १५८२ पासून ग्रेगोरियन पंचांग वापरत होते, इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियनच. १७३७ मध्ये त्या दोहोंत नेमका अकरा दिवसांचा फरक पडतो. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७३७ चा इंग्रजी कागद १७३६ चा वाटतो. पानावर ग्रेगोरियन तारीख द्या, दुसरी तळटीपेत, आणि कुठली कुठल्या साधनातली हेही तिथेच लिहा.

मराठी पत्रांत सुहूर सन मिळेल, म्हणजे अरबी अंकनावांत लिहिलेलं वर्ष. 'सबा सलासीन मया व अलफ' म्हणजे ७ + ३० + १०० + १००० = ११३७. सन मे-जूनच्या सुमारास लागतो, म्हणून तिथपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. म्हणजे १७३७ चा मार्च-एप्रिल ११३७ मध्येच. शकाला ७८ मिळवतात (जानेवारीपासून वर्षप्रतिपदेपर्यंत ७९), अंबरनाथचा शिलालेख शके ९८२ म्हणजे १०६० चा.

खाडीकिनारा:
हे फार उपयोगी आहे. संदर्भ प्रत्येक वाक्याला द्यायचा का?

जुनीबखर:
तारीख, आकडा किंवा वादाचं विधान असेल तिथे लगेच, बाकी परिच्छेदाच्या शेवटी चालतो. पृष्ठ क्रमांक हवाच. नुसतं 'ठाणे गॅझेटियर' लिहिलंत तर पडताळणारा तीन जाडजूड ग्रंथ चाळत बसणार नाही, 'संदर्भ हवा' चिकटवून मोकळा होईल.