जड तेच मजबूत, हा हट्ट आता सोडूया का?

निपाणीकर शेतकरी
गुऱ्हाळासाठी नवा चरक घ्यायचाय. जुन्याचा सांगाडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, हलवायचा म्हटलं की निम्मं गाव बोलवावं लागतं. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, प्लेट आणि चॅनेल जोडून पोलादी सांगाडा बऱ्याच कमी वजनात करून देतो. घरातली जाणती मात्र एका सुरात सांगतात, "हलकं म्हणजे कच्चं." मला हे अजिबात पटत नाही. एका घनसेंटिमीटरला पोलाद भरतं ७.८५ ग्रॅम, शुद्ध लोखंड ७.८७. बीड तर ७.१ ते ७.३, म्हणजे उलट थोडं हलकंच! पोलादी सांगाड्याचं वजन उतरतं ते पातळ प्लेटीत काम भागतं म्हणून. तुमचं काय मत?

उद्यमबाग फौंड्रीवाला
हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. बीड ताणाला जेवढं सोसतं त्याच्या तिप्पट-चौपट दाबाला सोसतं. शिवाय त्यातलं ग्राफाइट (कार्बनचे पापुद्रे) थरथर गिळतं, म्हणून तर लेथची बेड आजही बिडाचीच ओततात. पातळ प्लेटीचा सांगाडा इंजिनच्या धक्क्यानं थरथरणार आणि बेअरिंग लवकर जाणार. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला जायच्या आधी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केले ते आपल्या बेळगावातच. ओतकाम इथल्या मातीतलं आहे, त्याला उगाच मोडीत काढू नका.

खानापूर वेल्डिंग
मातीचा अभिमान मलाही आहे ओ, पण दाब कुठं येतो ते बघा की. ऊस शिरला की रोलर एकमेकांना बाहेर रेटतात. बाजूच्या हाउसिंगवर, म्हणजे रोलर धरणाऱ्या चौकटीवर येतो तो ताण, आणि तिथंच बीड कमी पडतं. एफजी २०० ग्रेडच्या बिडाची ताणशक्ती २०० मेगापास्कल, साध्या एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) ४०० च्या वर. उसातून एखादा नटबोल्ट आत गेला तर एमएस आधी वाकतं, माणसाला मशीन बंद करायला वेळ मिळतो. बीड न सांगता तडकतं. ऐन हंगामात तडकलं तर जोडणार कोण? तापवा, निकेलचा रॉड आणा, सावकाश गार करा, एवढं करूनही शेजारी नवी चीर. एमएस कुठल्याही गावात जोडून मिळतं.

उद्यमबाग फौंड्रीवाला
मग एसजी आयर्न घ्या, तेही बीडच, पण चिवट. मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइटच्या पापुद्र्यांऐवजी गोळ्या होतात. ५००/७ ग्रेडला ५०० मेगापास्कल, वर ७ टक्के लांबतं. ताणशक्तीत तुमच्या एमएसपेक्षा सरस, आणि ओतीवच!

चिकोडी सिव्हिल
घर बांधलेल्यांसाठी एक आकडा. १२ मिलिमीटरची सळई एफई २५० ग्रेडची असो की एफई ५०० ची, मीटरला वजन ८९० ग्रॅमच्या आसपास. पण पहिली साधारण २.९ टनांना कायमची लांबायला लागते, दुसरी ५.८ टनांना. एकाच वजनात दुप्पट ताकद, ती येते कार्बन आणि थंड करण्याच्या पद्धतीतून.
मात्र मूळ धागाकर्त्यालाही थांबवतो. ताठपणा, म्हणजे लवायला होणारा विरोध, दोन्ही पोलादांचा सारखाच, २०० गिगापास्कलच्या घरात. जास्त ताकदीचं पोलाद आहे म्हणून प्लेट निम्मी केलीत तर ती तुटणार नाही, पण लवेल जास्त. रोलरमधली फट हलली की चोथ्यात रस राहिला. प्लेट पातळ करायची तर रिब, म्हणजे आधाराच्या उभ्या पट्ट्या, हव्यातच.

निपाणीकर शेतकरी
रिबचा मुद्दा एकदम पटला, फॅब्रिकेशनवाल्याकडून तसं लिहूनच घेतो. पण एसजीला माझा विरोध कायम. एका चरकासाठी पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचा नमुना) करायचा खर्च आम्ही का उचलावा? रोलर बिडाचेच ठेवतोय, उसाला पकड चांगली मिळते. शाफ्ट पोलादी. साखर कारखान्यांच्या मिलमध्येही तीच जोडी असते.

उद्यमबाग फौंड्रीवाला
गावातले चार गुऱ्हाळवाले एकत्र या, पॅटर्नचा खर्च वाटून जाईल. वेल्डिंगचा सांगाडा करणारच असाल तर जोड झाल्यावर भट्टीत तापवून आत साठलेला ताण काढायला सांगा. न काढता मशीनिंग केलं तर हंगामात बेअरिंगची सरळ रेषा बिघडेल.

खानापूर वेल्डिंग
ताण काढायच्या बाबतीत फौंड्रीवाल्यांशी शंभर टक्के सहमत. बाकी हाउसिंगला माझं मत एमएसच.